अर्धमागधीच्या सरांचे रुमाल

अर्धमागधी, म्हणजे जैन आगमांची प्राकृत भाषा, घेऊन बी.ए. झालेलं माणूस आता दिवा घेऊन शोधावं लागतं. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात मात्र एके काळी अशी दोन-चार माणसं कुठल्याही मोठ्या गावात सापडायची. जैन समाजाची वस्ती दाट, त्यामुळं हायस्कुलापासूनच हा विषय असायचा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात डॉ. आ. ने. उपाध्ये १९३० पासून १९६२ पर्यंत अर्धमागधी शिकवत होते, आणि प्राकृतात काम करणारा परदेशातला अभ्यासकही त्यांचं नाव ओळखून होता. पण पोरं काही सगळी धर्मासाठी यायची नाहीत. संस्कृतच्या रूपांना भ्यालेली मराठा, लिंगायत, धनगर, मुसलमान घरांतली मुलंही अर्धमागधी घ्यायची, कारण ‘मार्क पडतात’ अशी त्या विषयाची ख्याती होती. तालुक्याच्या कॉलेजात मग एका माणसाचा विभाग असायचा. विभागप्रमुख तोच, प्राध्यापक तोच, आणि स्टाफरूममध्ये त्याची खुर्ची बहुधा दाराशी.

आमचे सर म्हणजे असा एक विभाग. सांगली जिल्ह्यातलं गाव. एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला कायमचा दुष्काळ. कॉलेज १९६१ मध्ये निघालं, हायस्कूलच्या इमारतीत, सकाळच्या वेळात. शिवाजी विद्यापीठ नोव्हेंबर १९६२ मध्ये स्थापन झालं, तोवर संलग्नता पुणे विद्यापीठाची होती. सर १९६४ मध्ये लागले आणि १९९९ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या अगदी शेवटच्या काही विद्यार्थ्यांत मी होते. आता पुण्याकडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, म्हणून सर गेल्यावर त्यांच्या मुलीनं, ताईंनी, मलाच फोन केला. घर विकायचं ठरलं होतं. ‘बाबांचे कागद आहेत. रद्दीवाला दारात उभा आहे, पण हात लावू द्यायला मन होईना. तू बघून जा.’

माझी समजूत अशी की उत्तराध्ययन, कुवलयमाला असल्या प्राकृत ग्रंथांची, शौरसेनी-महाराष्ट्री या प्राकृतांच्या व्याकरणाची टिपणं निघतील. तसली टिपणं निघाली, पण एका बारक्या पुडक्यात मावतील एवढीच. उरलेल्या दोन लोखंडी ट्रंका आणि एक लाकडी पेटी कॉलेजनं भरलेली होती. सूचना, आवक-जावकच्या नोंदी, पगाराच्या पावत्या, सभांची टिपणं, विद्यापीठाची पत्रं, हजेरीचे कॅटलॉग, कार्बन कॉप्या. आणि हे सगळं वर्षवार लाल अलवाणात बांधलेलं, पेशवे दप्तरात बांधतात तसे रुमाल करून. प्रत्येक रुमालावर पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि तिच्यावर साल. १९६४-६५ पासून एकही साल चुकलेलं नाही. निवृत्तीनंतरचेही रुमाल होते, पण ते पातळ.

रुमाल उघडण्याआधी मी पुण्यातल्या एका अभिलेखागारात काम करणाऱ्या मैत्रिणीला विचारलं. तिनं पहिलं वाक्य सांगितलं ते एवढंच: क्रम मोडू नकोस. ग्रंथपालाला हे जड जातं. आमचा हात विषयवार लावण्याकडं वळतो. पगाराचं इकडं, विद्यापीठाचं तिकडं, घरगुती वेगळं काढून ताईंना परत. तिनं बजावलं की पुस्तकाचं वर्गीकरण वेगळं आणि माणसाच्या कागदांचं वेगळं. कागद कुणाच्या हातून, कुठल्या कागदाशेजारी आला, हीच त्याची अर्धी माहिती असते.

तिचं म्हणणं मला पटलं ते १९७२-७३ च्या रुमालात. त्यात एकाच गंजक्या टाचणीला तीन कागद होते. वर ऑगस्ट महिन्याच्या पगाराची पावती, पूर्ण रकमेची, तिकिटावर सरांची सही. तिच्याखाली संस्थेची छापील पावती, ‘इमारत निधीस देणगी सादर पोच’, रक्कम पगाराच्या जवळजवळ निम्मी, तारीख तीच. आणि तिसरा कागद गावातल्या सराफाचा, बांगड्या गहाण ठेवल्याचा, तारीख त्याच आठवड्यातली. विषयवार लावायला बसले असते तर पहिला कागद ‘वेतन’, दुसरा ‘निधी’ आणि तिसरा ‘खाजगी’ असे तीन ठिकाणी गेले असते. टाचणी काढावीच लागते, नाहीतर गंज कागद खातो. पण टाचणीत काय-काय होतं ते आधी लिहून काढायचं, फोटो घ्यायचा, मग प्लॅस्टिकची पातळ पट्टी खाली सरकवून टाचणी अलगद उचलायची आणि ते तीन कागद एकाच पाकिटात ठेवायचे.

पूर्ण रकमेवर सही आणि हातात निम्मा पगार, ही चाल त्या काळात काही एकट्या आमच्या कॉलेजात नव्हती. खेड्यापाड्यांत निघालेल्या कॉलेजांचं अर्थकारणच तसं. सरकारी अनुदान खर्चावर ठरायचं आणि खर्च झाल्यावर मिळायचं; तोवर संस्थेनं पैसे घालायचे. संस्थेकडं असायचे कुठून? ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फीसवलत, १९५९ पासून आली, गरिबांची पोरं फीविना वर्गात बसू लागली हे चांगलंच झालं, पण त्या फीची भरपाई सरकारकडून यायला वेळ लागायचा आणि मधल्या महिन्यांत खडूचं बिलसुद्धा थकायचं. साखर कारखाना उसाच्या बिलातून टनामागं काही पैसे कॉलेजसाठी कापायचा. त्या कपातीची पत्रं सरांनी वेगळ्या कव्हरात ठेवली आहेत, आणि गाळप कमी झालेल्या वर्षी कव्हर रिकामं आहे. त्यावर पेन्सिलीनं फक्त ‘पाऊस नाही’.

सरांनी पगारातल्या कपातीबद्दल कुठंही तक्रार केलेली नाही. मला ते खटकत राहिलं. प्राध्यापकांच्या घरातले दागिने गहाण टाकून वर्गखोल्या बांधणं याला मी त्याग म्हणायला तयार नाही. टिळक-आगरकरांच्या मंडळींनी पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढली, तिचे आजीव सेवक दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षं राबायला स्वखुशीनं बांधले गेले होते. गोखल्यांनी ती वर्षं फर्ग्युसनमध्ये भरली. ते व्रत होतं, कारण ते उघड होतं. इथं पावती खोटी होती. पण संस्थेचे चालकही आपापल्या जमिनी तारण टाकून बसले होते, हेही याच रुमालांत सापडतं. सरांनी दोन्ही बाजूंचे कागद ठेवले आहेत, आणि शेरा कुठंच मारलेला नाही.

साफसफाईचं काम कंटाळवाणं, त्याबद्दल थोडक्यात. पेटीच्या तळाशी वाळवी लागून गेली होती, जिवंत नव्हती. कसरीची कीड मात्र होती. कागद उन्हात घालायचे नाहीत, सावलीत वाऱ्याला ठेवायचे. चित्रकलेचा मऊ ब्रश, तोंडाला मास्क, मधून बाहेरच्या दिशेनं झटकायचं. फाटलेल्या जागी सेलोटेप अजिबात नाही. मागच्या पिढीनं लावलेल्या सेलोटेपनंच सगळ्यात जास्त वाट लावली आहे, पिवळे चट्टे पडून अक्षरं गेली. डांबरगोळ्या काढून टाकल्या. कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक: रुमाल, पुडकं, कागद. आम्लरहित कागदाची पाकिटं मागवली, ती चांगलीच महाग पडली. ताईंनी किंमत ऐकून ‘एवढ्यात तर नवीन साड्या आल्या असत्या’ असं म्हटलं आणि पैसे दिले. सायक्लोस्टाईलच्या सूचनांचा कागद हातात घेतला की कडा तुटतात, तर कार्बन कॉप्यांचा पातळ कागद मजेत टिकलेला. कॉलेजात पूर्वी स्वस्तातला स्वस्त कागद वापरायचे, त्यामुळं जे दप्तर ‘अधिकृत’ ते आधी मोडतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

सर उपाध्यांच्या हाताखाली शिकलेले. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या पोथ्या समोर ठेवायच्या, प्रत्येकीला एक खुणेचं अक्षर द्यायचं, शब्द न् शब्द ताडून बघायचा, जो पाठ धरला तो वर आणि जे सोडले ते खाली तळटीपेत द्यायचे, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये ती पुरी झाली, म्हणजे सर नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. त्या आवृत्तीत संपादकांना पुरती खात्री नसलेल्या पाठाखाली नागमोडी रेघ असते. सर वर्गात ती दाखवायचे. ‘विद्वान माणूस कुठं अडखळला ते छापून ठेवतो, लपवत नाही,’ असं म्हणायचे.

त्यांनी नेमकं हेच कॉलेजच्या इतिवृत्तांवर केलं आहे. स्टाफच्या आणि स्थानिक व्यवस्थापन समितीच्या सभांची तीन-तीन रूपं त्यांच्याकडं आहेत. ‘क’ म्हणजे सभेत बसल्या-बसल्या पेन्सिलीनं घेतलेलं टिपण, उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवणीवर. ‘ख’ म्हणजे कार्यालयानं काढलेला सायक्लोस्टाईल मसुदा. ‘ग’ म्हणजे पुढच्या सभेत कायम झालेलं इतिवृत्त, सरांनी हातानं उतरवून घेतलेलं. १९७५ च्या एका सभेचा एकच मुद्दा तिन्ही पाठांसह देते.

क: प्राचार्य म्हणाले, जूनचा पगार दिवाळीपर्यंत होईल असे वाटत नाही. कोणी विचारले, मग खायचे काय. हशा.

ख: वेतनास काहीसा विलंब होण्याची शक्यता प्राचार्यांनी विशद केली.

ग: आर्थिक परिस्थितीचा आढावा घेण्यात आला.

खाली सरांची टीप: ‘ग’ मध्ये हशा लुप्त. आणि ‘दिवाळीपर्यंत’ या शब्दाखाली नागमोडी रेघ, शेजारी लिहिलंय, ‘संक्रांत असेही ऐकले’.

मी हे वाचून एकटीच मोठ्यानं हसले. मग पुढची पानं वाचत गेले तसं हसू कमी होत गेलं. कॉलेजात जपून ठेवतात ते ‘ग’. इतिहास लिहिणाऱ्याला पुढं-मागं मिळालंच तर ‘ग’ मिळणार. त्यात परिस्थितीचा आढावा घेण्यात येतो, विषयावर साधकबाधक चर्चा होते, ठराव सर्वानुमते संमत होतो. कोण घाबरलं, कोण गप्प बसलं, कुणी उठून गेलं, यातलं काही नाही. कुठलंही बरं-वाईट कॉलेज घ्या, त्यांची कायम झालेली इतिवृत्तं एकमेकांत मिसळली तर ओळखू येणार नाहीत.

स्थानिक चौकशी समितीचे कागदही असेच. विद्यापीठाची ही समिती संलग्नता वाढवून द्यायची की नाही ते बघायला येते. सोयी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिक्षक, सगळं तपासते. समिती येणार म्हटलं की गावात लग्नघरासारखी धावपळ व्हायची. सरांच्या एका वहीत त्या दिवशी ग्रंथालयाच्या कपाटांत दिसलेल्या पुस्तकांची यादी आहे, आणि काही नावांपुढं ‘हा.’ असं अक्षर. हे ‘हा.’ मला बराच वेळ कळेना. ताईंनी सांगितलं, ‘हायस्कूल! पुस्तकं हायस्कूलची आणून लावायचे. शिक्का झाकायला वर कागद चिकटवायचे, रात्री आम्ही पोरंच खळ लावत बसायचो.’ त्याच वहीत समितीच्या अहवालातलं वाक्य उतरवलेलं आहे, ‘ग्रंथसंग्रह समाधानकारक’. आणि ‘समाधानकारक’ खाली अर्थातच नागमोडी रेघ.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. त्या दिवसाच्या कॅटलॉगमध्ये हजेरी घेतलेली आहे, पण वर्ग ‘पटांगणात’ भरल्याची नोंद आहे आणि पुढं आठवडाभर तीच. भिंतीच्या भेगांचं मोजमाप सरांनी चिठ्ठीवर केलं आहे, कारण दुरुस्तीच्या अनुदानासाठी ते लागणार होतं. ते मिळालं का, त्याचा कागद नाही. बहात्तरच्या दुष्काळातल्या कॅटलॉगमध्ये गैरहजेरीच्या फुल्यांपुढं बारीक अक्षरात कारणं आहेत, बहुतेक दुष्काळी कामांची: ‘खडी’, ‘बंडिंग’, ‘खडी’, ‘आजारी’, ‘खडी’. एका नावापुढं ‘सुकडी आणली, सर्वांना वाटली’. त्या पोराचं नाव मी इथं देत नाही. तो पुढं बँकेत लागला, एवढं सरांच्याच दुसऱ्या एका चिठ्ठीवरून कळतं.

सत्तरीच्या दशकात सरकारनं पगाराची जबाबदारी घेतली, विद्यापीठ अनुदान मंडळाची ७००-१६०० ची श्रेणी आली, आणि देणगीच्या पावत्या हळूहळू बंद झाल्या. पण १९७५ च्या जूनमध्ये दहा अधिक दोन अधिक तीन आलं. पीडीचे, म्हणजे पदवीपूर्व वर्षाचे, वर्ग गेले, अकरावी-बारावी आली, पुढं पदवीची तीन वर्षं, आणि एकमाणशी विभागांच्या तासांचा हिशेब कोलमडला. आठवड्याचे तास भरले नाहीत तर माणूस ‘अतिरिक्त’. तेव्हापासूनच्या रुमालांत एक नवीनच कागद दिसायला लागतो, कार्यभाराचा तक्ता. कुणाचे किती तास, कुठल्या वर्गावर, पटावर किती मुलं. विषय टिकायचा तर पटावर ठरावीक मुलं हवीतच.

आणि इथं ते पान येतं.

१९८० च्या दशकातली, साध्या दोनशे पानी वहीची मधली दोन पानं. डावीकडं मथळा ‘पटावर’, उजवीकडं ‘प्रत्यक्ष’. प्रथम वर्ष कला, अर्धमागधी. डावीकडची यादी उजवीकडच्या दुपटीहून जास्त. डावीकडच्या जादा नावांपुढं सरांनी ओळख लिहिली आहे: शिपायाचा भाचा, पिठाच्या गिरणीतला मुलगा, लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी, आणि एक तर खुद्द सरांचा पुतण्या, जो त्या वर्षी मुंबईत कामाला होता. प्रत्येकापुढं परीक्षा फॉर्मची रक्कम आणि ‘मी भरली’. बेरीज खाली. त्याखाली लिहिलं आहे, ‘पाठ प्रक्षिप्त. संपादक स्वतः.’

प्रक्षिप्त म्हणजे मूळ पाठात मागाहून घुसडलेलं. विषय जगवायला सरांनी खोटी पोरं पटावर घेतली होती, पदरचे पैसे भरून, आणि त्याची नोंद स्वतःच्याच हातानं करून ठेवली होती. आम्ही खऱ्या म्हणून वर्गात बसलेलो, तेव्हा आमच्याही कॅटलॉगमध्ये कधीच न दिसलेली नावं पुकारली जायची हे आठवलं. सर ती नावं न थांबता वाचायचे आणि पुढं जायचे.

ताईंनी पान वाचलं आणि वही मिटली. ‘हे द्यायचं नाही.’

‘ताई, बाकीच्यांच्या खोट्या पावत्या देतोय आपण.’

‘त्या दुसऱ्यांनी केल्या. हे बाबांनी केलंय. लोक काय म्हणतील? आयुष्यभर सचोटीचे म्हणून नाव होतं त्यांचं.’

‘नाव आहेच. लपवायचं असतं तर त्यांनी लिहिलंच नसतं.’

‘लिहिलं असेल त्यांच्यापुरतं.’

या शेवटच्या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि अजूनही पुरतं नाही. माणसानं लिहून ठेवलं म्हणजे ते सगळ्यांसाठीच ठेवलं असं काही नसतं. माझा एकच मुद्दा होता. चिकित्सक आवृत्तीतून संपादकाला गैरसोयीचा पाठ गाळला तर वरचा सगळा पाठ संशयास्पद ठरतो. ते पान काढलं असतं तर उरलेल्या रुमालांत सर फक्त साक्षीदार उरले असते, कडेला उभं राहून दुसऱ्यांच्या लबाड्या टिपणारे. तसे ते नव्हते. त्यांनी पगार कमी घेतला, रात्री पुस्तकांवर कागद चिकटवू दिले, आणि स्वतःही पट फुगवला. छोटं कॉलेज असं सगळ्यांनी मिळून ओढत नेलेलं असतं.

हे सगळं मी ताईंना असं सलग काही बोलले नाही. दोघी चहा प्यायलो. त्यांच्या आईंचं, म्हणजे काकूंचं, मत विचारावं असं ठरलं. काकू नव्वदीला टेकलेल्या, ऐकायला कमी येतं, पण कागद हातात दिल्यावर चष्मा लावून त्यांनी पूर्ण यादी वाचली. ‘या पोरीचा फॉर्म माझ्या भिशीतनं भरलाय,’ एवढंच त्या म्हणाल्या. मग वही ताईंकडं परत दिली. ताईंनी त्या दिवशी काही निर्णय दिला नाही. पुढं फोनवर म्हणाल्या, ‘ठेव. पण नावं झाकून.’

नावं झाकायची म्हणजे कागदावर काळं फासायचं नाही. ती चूक सुदैवानं मैत्रिणीनं आधीच निपटून टाकली होती. मूळ कागद जसाच्या तसा, बंद पाकिटात, ठरावीक वर्षांपर्यंत कुणाला द्यायचा नाही असा शेरा. वाचकांना दाखवायची छायाप्रत वेगळी, तिच्यात नावं झाकलेली. विद्यार्थ्यांचे गुण, जातीचे दाखले, गोपनीय अहवाल, या सगळ्यांना हाच नियम लावला. त्यात वेळ फार गेला, पण जिवंत माणसांच्या बाबतीत घाई करून चालत नाही.

हजेरीचे कॅटलॉग खरं तर कॉलेजची मालमत्ता. कार्बन कॉप्या आणि टिपणं सरांची, पण मूळ कॅटलॉग त्यांच्याकडं आले कसे? कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारलं. अधीक्षकांनी हसून सांगितलं की जुन्या दप्तराचं निर्लेखन केव्हाच झालं, टेम्पो भरून रद्दी गेली; सरांनी त्यातून ओढून काढले असतील. ‘तुमच्याकडंच राहू द्या मॅडम. इथं आणलंत तर पुढच्या निर्लेखनात जातील.’ तसं लेखी द्या म्हटल्यावर मात्र त्यांनी प्राचार्यांकडं बोट दाखवलं, प्राचार्यांनी संस्थेकडं, आणि शेवटी ‘हरकत नाही’ एवढ्याच अर्थाचं तीन ओळींचं पत्र मिळालं.

कॉलेजच्या हीरक महोत्सवाची स्मरणिका निघायची होती. समितीचे एक सद्गृहस्थ कागद बघायला आले, उत्साहानं. पायाभरणीचा फोटो, पहिल्या वर्षाच्या निकालाचं पत्र, एका मंत्र्यांचं शुभेच्छापत्र, एवढं त्यांनी मोबाइलवर टिपून घेतलं. पगाराच्या पावत्या दाखवल्या तर म्हणाले, ‘हे कशाला उकरता? ते दिवस गेले.’ मी म्हटलं, दिवस कुठं गेले, आज तुमच्याकडं तासिका तत्त्वावरचे किती आहेत? ते गप्प बसले आणि मग मनापासून म्हणाले, ‘मीच आहे की एक.’ त्यानंतर आमचं बोलणं फार बरं झालं. त्यांनीच १९९९ नंतरचे रुमाल समजावून सांगितले. सर निवृत्त झाल्यावर पद भरलं नाही. काही वर्षं तासिकेवर एक बाई यायच्या, मग त्यांचेही तास संपले आणि विषयच बंद झाला. केंद्र सरकारनं ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीबरोबर प्राकृत आणि पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा कॉलेजात फलक लावून मराठीचा आनंदोत्सव झाला. प्राकृताची आठवण काढणारं तिथं कुणी उरलेलं नव्हतं.

कागद अखेर एका संशोधन संस्थेनं घेतले. ताईंच्या सहीचा करार झाला: मालकी संस्थेची, बंद पाकिटांची मुदत ठरलेली, क्रम मोडायचा नाही, आणि संग्रह सरांच्या नावानं. एका गोष्टीवर ओढाताण झाली. अर्धमागधीच्या टिपणांचं ते बारकं पुडकं त्यांना हस्तलिखित विभागात हवं होतं, कारण त्यांच्या लेखी मोलाचं तेवढंच. मी अडून बसले. ते पुडकं १९७८ च्या रुमालात, प्राध्यापकांच्या संपाच्या पत्रकांमध्ये बांधलेलं होतं. पगार बंद असताना सर घरी बसून काय करत होते, ते त्या शेजारावरूनच कळतं. शेवटी ते जागच्या जागी राहिलं आणि हस्तलिखित विभागाच्या यादीत त्याची फक्त नोंद गेली.

यादी अजून पूर्ण नाही. पहिला वाचक मात्र येऊन गेला. साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था यांच्यावर पीएच.डी. करणारा मुलगा, त्यानं फक्त उसाच्या कपातीचं कव्हर मागितलं, दिवसभर बसून उतरवून घेतलं आणि रिकाम्या वर्षाचं कव्हरसुद्धा मागून पाहिलं. सध्या आम्ही नव्वदीच्या दशकातले फॅक्सचे कागद आधी उरकतोय. तो कागद उष्णतेवर उठणारा असतो, अक्षरं दर वर्षी पुसट होत जातात. विद्यापीठाच्या एका फॅक्सवरचा जावक क्रमांक वाचता येतो, तारीख वाचता येते, मजकूर जवळजवळ गेलेला आहे. तो तिरप्या उजेडात धरून किती निघतो ते बघायचं आहे.